वारंवार बेदरकार गाडी हाकणाऱ्यांना कडक कायद्याची जरब बसते का?

घाटमाथा (धागाकर्ता)

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणून सध्या लोकांच्या गाड्या बघत हिंडतोय. इंजिन, टायर, विम्याचे कागद याबरोबर ई-चलनंही बघतो. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी कुंडली बाहेर येते. परवा एक पांढरी सेदान पाहिली. कागद चोख, मालक सभ्य, चहापाणी झालं. चलनांची यादी उघडली तर संपेचना. बहुतेक ओव्हरस्पीडिंगची, त्यातली बरीचशी द्रुतगती मार्गावरच्या एकाच पट्ट्यातली. मधूनमधून सिग्नल तोडल्याची. विचारलं तर मालक शांतपणे म्हणाले, "ट्रान्सफरच्या आधी सगळं क्लिअर करून देतो. लोक अदालतीत बरंच कमी होतं." त्यांच्या लायसन्सवर यातलं एक अक्षरही नाही.

आता मुद्द्याचं. मोठा अपघात झाला की आपल्याकडे एकच मागणी होते, कायदा कडक करा. तो केलेलाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड २,००० वरून १०,००० वर गेला. दुसऱ्यांदा सापडला तर १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत कैद. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड. महाराष्ट्राने हे नवे दंड लगेच लावले नाहीत, जनतेवर बोजा पडतो म्हणून ते डिसेंबर २०२१ पर्यंत लांबले. पण लागले. आणि तरीही २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आणि तरीही २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली.

माझं मत सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. दंड दुप्पट करा, चौपट करा, गुन्हा जोवर माणसाला न चिकटता नंबर प्लेटला चिकटतोय तोवर सराईत माणसाला काही फरक पडणार नाही. ज्याच्या नावावर पहिला गुन्हाच नाही, त्याचा दुसरा गुन्हा कुठून येणार?


चिंचपोकळी_लोकल

पहिला! आधी खड्डे बुजवा म्हणावं, मग कायदे शिकवा.


घाटमाथा

@चिंचपोकळी_लोकल, खड्ड्यांवर वेगळा धागा काढा, तिथेही येतो. खड्ड्यात कुणी १४० ने जात नाही. १४० ने जातात ते गुळगुळीत रस्त्यावरच.


काळा_कोट

मी वकील, धाग्याचा विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्याने सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. २०१९ पासून यात सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं, उलट्या दिशेने जाणं, चुकीचं ओव्हरटेकिंग हे स्पष्ट शब्दांत घातलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. म्हणजे पुन्हा पुन्हा करणाऱ्याचा विचार कायद्याने केला आहे.

लोकांना वाटतं, दंड भरून मिटवलं की पाटी कोरी. कायदा तसं म्हणत नाही. कलम २०० मध्ये सरळ लिहिलंय की तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जाईल. कागदावर कायदा चांगला शहाणा आहे.

आता व्यवहार. कॅमेऱ्याने फोटो काढला गाडीचा. चलन गेलं आरसीवरच्या मालकाला. गाडी मालक चालवत होता, त्याचा मुलगा, ड्रायव्हर की मेहुणा, हे कुणाला माहीत? विचारायची सोय आहे. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी मागितलं तर चालक कोण होता त्याचं नाव, पत्ता, लायसन्सचा तपशील देणं मालकावर बंधनकारक आहे. अपघाताच्या केसमध्ये ही नोटीस नेहमी पाहतो. साध्या ओव्हरस्पीडिंगच्या चलनावर कुणाला आलेली माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे मालकाने पैसे भरले, न भरले, लोक अदालतीत कमी करून घेतले, तरी कोणत्याही माणसाच्या खात्यावर 'पहिला गुन्हा' जमाच होत नाही. धागाकर्त्यांनी नेमकं मर्म पकडलंय.


आकडेशास्त्री

कायदा आणि जरब यावर जगात बराच अभ्यास झालाय. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती मिळेलच याची खात्री जास्त परिणाम करते, हे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवलं होतं. वाहतुकीत ते पुन्हा पुन्हा दिसलंय.

ब्रिटनने ऑक्टोबर १९६७ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी श्वासचाचणी आणि रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आणली. प्रचंड गाजावाजा झाला, लोक घाबरले, अपघात झपाट्याने घटले. काही वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की पोलीस फार कुणाला फुंकायला लावत नाहीत, आणि परिणाम ओसरला. लॉरेन्स रॉस नावाच्या अभ्यासकाने याचा माग काढला. कायदा तोच, शिक्षा तीच होती. उरली नव्हती ती पकडलं जाण्याची भीती.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं. डिसेंबर १९८२ पासून तिथे संशय असो-नसो, रस्त्यावर कुणालाही थांबवून चाचणी सुरू झाली. १९८२ मध्ये रस्त्यांवरचे बळी साडेबाराशेच्या घरात होते, पुढच्याच वर्षी हजाराच्या आत आले. तिथे चाचण्या थांबवल्या नाहीत, त्यामुळे परिणामही टिकला.

आपल्याकडे मुंबई पोलिसांनी २००७ पासून ड्रंक अँड ड्राइव्हची नाकाबंदी लावून धरली, तेव्हापासून मुंबईत पार्टीला जाताना 'परत कोण चालवणार' हे आधी ठरतं. माझ्या ऑफिसात तरी ठरतं. हीच मंडळी गावाकडच्या रस्त्यावर मात्र बिनधास्त असतात. कायदा दोन्हीकडे एकच आहे.


राइनकाठचा_मराठी

बरीच वर्षं जर्मनीत आहे, इथली पद्धत सांगतो, कारण ती बरोबर घाटमाथांच्या मुद्द्यावर बसते.

इथे स्पीड कॅमेरा समोरून फोटो काढतो, चालकाचा चेहरा दिसेल असा. कारण दंड आणि पॉइंट (गुन्ह्यागणिक लायसन्सच्या खात्यावर चढणारे गुण) चालकाला लागतात, मालकाला नाही. पत्र घरी येतं त्यात तुमचा फोटो असतो, बहुतेक वेळा तोंड वेडंवाकडं झालेला. चालक तुम्ही नव्हता तर कोण होतं? 'आठवत नाही' म्हणालात आणि चालक सापडला नाही, तर दंड बुडतो. पण मग वाहतुकीचं सरकारी ऑफिस तुम्हाला गाडीत रोजनिशी ठेवायचा हुकूम काढू शकतं: प्रत्येक फेरी कोणी केली, किती वाजता, सही. काही महिने ते करून बघा, पुढच्या वेळी सगळं आठवतं.

पॉइंटची नोंद फ्लेन्सबुर्ग नावाच्या उत्तरेच्या टोकाच्या गावी होते. आठ पॉइंट झाले की लायसन्स गेलं. परत मिळवायला वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षा द्यावी लागते. लोक तिला चेष्टेने 'मूर्खांची परीक्षा' म्हणतात. पास होणं सोपं नाही. समोर बसलेला मानसशास्त्रज्ञ 'यापुढे जपून चालवीन' यावर समाधान मानत नाही. तुम्ही असं का वागत होता आणि त्यात नेमकं काय बदललं, ते त्याला पटवावं लागतं.

सगळं गोड नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचे पॉइंट आपल्या अंगावर घेणारे 'सेवाभावी' लोक इंटरनेटवर होते. आणि २०१६ मध्ये बर्लिनच्या भरवस्तीत दोघांनी शर्यत लावून एका माणसाचा जीव घेतला, तेव्हा कोर्टाने चक्क खुनाचा गुन्हा लावला. शर्यतीवर वेगळं फौजदारी कलम आलं २०१७ मध्ये. त्यानंतरही शर्यती लागतातच. ज्याला आपण मरू असंच वाटत नाही, त्याला जन्मठेप होईल असं कुठून वाटणार?


तेरेखोल

वाचतेय. चांगली चर्चा चाललीय.


दहा_टायर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. वडील ट्रकवर, मी पण सात-आठ वर्षं ट्रकवर, आता स्वतःच्या दोन गाड्या हायेत, कोल्हापूर साइडला.

इथं सगळे ड्रायव्हर म्हणजे व्हिलन धरून बोलालेत. माल मंडईत पहाटे चारला पोचला पाहिजे. उशीर झाला तर भाडं कापतो व्यापारी. मालक फोनवर फोन. ड्रायव्हर झोपेत हाय का जागा, कुणी विचारत नाही. त्यानं गाडी पळवली की चलन मालकाला येतंय, आणि मालक पगारातनं कापतो. लायसन्स ड्रायव्हरचं, घाई मालकाची.

आणि ते दहा वर्षांचं कलम. जानेवारी २०२४ ला संप झाला, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या, आठवत असेल. लोक म्हणाले, बघा, ट्रकवाले पळून जायचा हक्क मागतात. तसं नव्हतं. अपघात झाला की जमाव जमतो. चूक कुणाची बी असो, मोठी गाडीवाल्याला मारतात. मी डोळ्यांनी बघितलंय. काच फोडून खाली ओढला, दवाखान्यात न्यावं लागलं. मग थांबायचं कसं? थांबला तर जमाव, पळाला तर दहा वर्षं.


काळा_कोट

@दहा_टायर, स्वागत. इतरांसाठी: ते न्याय संहितेचं कलम १०६(२). अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना वा मॅजिस्ट्रेटना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत. संपानंतर सरकारने वाहतूकदारांशी चर्चा करण्याचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला बाकी न्याय संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम वगळलं. घटनास्थळी थांबावंच असं त्यात लिहिलेलं नाही. पुढे जाऊन जवळच्या ठाण्यात कळवलं तरी त्या कलमातून सुटका आहे. हे ड्रायव्हर लोकांना नीट कुणी समजावलं नाही, हा सरकारचा दोष. पण माहिती पोचलीच नाही तर कडक कलमाचा उपयोग काय, ते या निमित्ताने दिसलं.


शब्दाली_म

सगळं वाचलं. थोडं वेगळं लिहिते.

माझा भाऊ गेला. मागून आलेल्या गाडीने उडवलं. चालवणाऱ्यावर आधी एक अपघाताची केस होतीच, हे आम्हाला खूप नंतर कळलं, तेही नुकसानभरपाईच्या क्लेम ट्रिब्युनलमधल्या वकिलामुळे. फौजदारी खटल्यात आम्ही फक्त साक्षीदार. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. तो माणूस तारखेला स्वतः गाडी चालवत यायचा. पार्किंगमध्ये आमच्या रिक्षाशेजारी गाडी लावायचा.

'मोठ्या शिक्षेने जरब बसत नाही' हे अभ्यासकांचं म्हणणं बरोबर असेल. मला जरब नकोच आहे. झालेल्या गोष्टीची किंमत काहीतरी लावली जावी एवढंच म्हणणं आहे. तेव्हाच्या कायद्यातली दोन वर्षांची कमाल शिक्षा, जामीनपात्र गुन्हा, हे ऐकून आई एवढंच म्हणाली की म्हशीच्या चोरीला जास्त होते.


घाटमाथा

@शब्दाली_म, ताई, वाचून गप्प झालो. तुमचा मुद्दा स्वतंत्र आहे आणि मान्य आहे. शिक्षा फक्त पुढच्याला घाबरवण्यासाठी नसते. तरीही एक म्हणू का? पहिल्या केसनंतर त्याचं लायसन्स काढून घेतलं असतं तर? तिथे पाच वर्षं की दहा वर्षं हा प्रश्नच आला नसता.


शब्दाली_म

लायसन्स काढून घेतलं असतं तर त्याने विना लायसन्स चालवली असती. अडवणार कोण होतं?


आकडेशास्त्री

शब्दालीताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. लायसन्स निलंबित करायचे अधिकार आहेत, कलम १९ खाली आरटीओला आणि शिक्षेबरोबर कोर्टाला. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, मोबाइल, मालवाहू गाडीत माणसं भरणं यांना किमान तीन महिने निलंबन करा. अपात्र असताना चालवल्यास १०,००० दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण निलंबित माणूस रस्त्यावर ओळखायचा कसा? गाडी थांबवल्याशिवाय लायसन्स दिसत नाही, आणि कॅमेरा गाडी थांबवत नाही.

म्हणून काही देशांनी लायसन्सचा नाद सोडून गाडीलाच हात घातला. डेन्मार्कने २०२१ पासून वेडा वेग धरणाऱ्याची गाडी जप्त करून विकायला सुरुवात केली, गाडी कुणाच्या का नावावर असेना. त्याच वर्षी एकाने जर्मनीत नवीकोरी लॅम्बोर्गिनी घेतली आणि नॉर्वेला घरी नेताना वाटेत डेन्मार्कमध्ये २३६ ने पकडला गेला. गाडी गेली. ऑस्ट्रियानेही मार्च २०२४ पासून गाडी जप्त करून विकायचा कायदा केला, पण तिथे गाडी चालकाच्याच नावावर असेल तरच विकतात.

आणि नुसता मोठा दंड पुरत नाही याचं माझं आवडतं उदाहरण: फिनलंडमध्ये दंड उत्पन्नावर असतो. ऑलंड बेटावरच्या एका कोट्यधीश उद्योगपतीला २०२३ मध्ये ५० च्या हद्दीत ८२ ने गेल्याबद्दल १,२१,००० युरो दंड झाला. त्याआधी त्याला दोनदा असाच दंड झाला होता, एकदा ९५,००० आणि एकदा ६३,६८० युरो. माणूस तोच!


दहा_टायर

गाडी जप्त म्हणजे? माझ्या ड्रायव्हरनं पळवली तर माझी गाडी सरकार विकणार? हप्ते मी भरतोय बँकेचे. आणि पुण्या-मुंबईच्या साहेबाची मर्सिडीज गेली तर तो दुसरी घेईल, रिक्षावाल्याची गेली तर घर बसलं त्याचं. लिहायला सोपं हाय सगळं.


मोरपंखी_नाही

दहा_टायर यांच्याशी सहमत. इथे कडक कायदा म्हणजे तोडपाणीचा दर वाढणं, हा साधा व्यवहार कुणी बोलतच नाहीये. दंड २,००० असताना चौकात २०० मध्ये मिटायचं. १०,००० झाला तर हजारात मिटेल. कायदा जेवढा कडक तेवढी चिरीमिरी जाड.

आणि वरच्या लोकांचं? मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांसाठी तीन वर्षांचं कलम तेव्हा पाच वर्षं पुस्तकात होतं. दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी काय मिळालं? तीनशे शब्दांचा निबंध. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टर अटकेत गेले. कायदा कमी पडला नव्हता तिथे.


काळा_कोट

तोडपाणीचं खरं आहे, म्हणून तर कॅमेरे हवेत. कॅमेऱ्याशी मांडवली होत नाही.

वेळेचंही सांगतो. वांद्र्याच्या कार्टर रोडचं प्रकरण, नोव्हेंबर २००६. फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये सहा महिने दिले. आरडाओरड झाली, त्याच वर्षी हायकोर्टाने सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं केली. सुप्रीम कोर्टाने कायम केली ती जानेवारी २०१२ मध्ये. हे 'वेगाने चाललेलं' प्रकरण. ज्याचा निकाल लागायला पाच वर्षं लागतात त्या शिक्षेची भीती आज रात्री स्टिअरिंगवर बसलेल्याला कशी वाटावी?


राइनकाठचा_मराठी

@काळा_कोट, एक शंका. भारतात पॉइंट पद्धत आणायचं चाललं होतं ना? मध्ये वाचल्यासारखं वाटतं.


काळा_कोट

२०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात होती. ते विधेयक बारगळलं आणि पुढे जुन्याच कायद्याला दुरुस्त्या झाल्या. त्यात दंड वाढले, पॉइंट गळाले. दंड वाढवायला नुसती अधिसूचना पुरते. पॉइंटांसाठी मात्र प्रत्येक चलनामागचा माणूस शोधावा लागतो, आणि ते काम कुणालाच नको असतं.

उलट काय चाललंय बघा. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलनांवर पन्नास टक्के सूट दिली. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात त्याहून मोठी. तिजोरीत पैसे जमले, बातम्या झाल्या. ज्याने वेळेवर भरलं तो मूर्ख ठरला, आणि सराईताला कळलं की थांबलं की सेल लागतो.


घाटमाथा

'सेल लागतो' हे भारी! आमचे पांढरी सेदानवाले त्याचीच वाट बघत होते.

आणखी एक. आपल्याकडे खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो. मी कसा चालवतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. नो क्लेम बोनस जातो तो मी क्लेम केला तर, शंभर चलनं असली तरी नाही. चलनांचा इतिहास हप्त्याला जोडला तर दरवर्षी खिशाला आपोआप चाप बसेल, कोर्ट नको, पोलीस नको.


दहा_टायर

हे मात्र आवडलं. पण हप्ता पण मालकच भरतोय की. त्यापेक्षा मला ड्रायव्हर ठेवताना त्याचं मागचं सगळं कळू द्या. आता लायसन्सची झेरॉक्स घेतो, चालू हाय का ते ऑनलाइन बघतो, बास. आधीच्या मालकाकडं किती ठिकाणी भरधाव सापडला, काय कळत नाही. तो सांगतो, एकदम साफ हाय शेठ. मी पण ठेवून घेतो, कारण दुसरा मिळत नाही.


काळा_कोट

@दहा_टायर, मग एक करा, उद्यापासून करता येईल. तुमच्या गाड्यांची चलनं महिन्याच्या महिन्याला उतरवून काढा आणि त्या तारखेला, त्या वेळी कोण चालवत होतं ते वहीत लिहून ड्रायव्हरची सही घ्या. चलन पगारातून कापायच्या आधी. कलम १३३ ची नोटीस आलीच तर तुमच्याकडे उत्तर असेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या वकिलापुढे ती वही तुमच्या बाजूने बोलेल.


दहा_टायर

सही करायला लावली तर पळून जाईल शेजारच्या मालकाकडं. तरी बघतो एका गाडीवर करून.


चिंचपोकळी_लोकल

म्हणजे जर्मन रोजनिशी कोल्हापुरात सुरू. खड्ड्यांचा धागा काढलाय, या सगळे तिकडे.